योगाला मोजपट्टी लावणारा माणूस : लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद

लोणावळा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? चिक्की, भुशी डॅम, टायगर पॉइंट आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लागलेली गाड्यांची रांग. पण मावळातल्या याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने एक्स-रे, पाऱ्याची नळी आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन चक्क योगाची तपासणी सुरू केली होती.

त्यांचं नाव स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक.

आज मोबाइल उघडला की 'अमुक आसनाने ताण कमी होतो', 'तमुक प्राणायामाने मन शांत होतं' असे दहा मेसेज येतात. त्यावर एक साधा प्रश्न विचारून बघा. ताण कमी झाला हे मोजलं कसं? वजन काट्यावर मोजता येतं, ताप थर्मामीटरवर मोजता येतो. मग 'मनःशांती' कशावर मोजायची?

हा प्रश्न कुवलयानंदांनी आयुष्यभर सोडला नाही. आणि त्याच प्रश्नाच्या उत्तरात पुढे मानसशास्त्रातलं एक महत्त्वाचं गणित लोणावळ्यापर्यंत येऊन पोहोचलं. त्या गणिताचं नाव घटक विश्लेषण, म्हणजे फॅक्टर अ‍ॅनालिसिस. आज कोणतीही प्रश्नावली खरी की खोटी हे तपासायला हीच पद्धत वापरतात.

ही गोष्ट त्या माणसाची आणि त्या प्रश्नाची.

डभोईचा जगन्नाथ गुणे

कुवलयानंदांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. पण पोरगा हुशार होता. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ते बडोद्याच्या कॉलेजात गेले. तिथे तेव्हा अरविंद घोष शिकवत होते. एकीकडे अरविंदांचा प्रभाव, दुसरीकडे लोकमान्य टिळकांचा. त्या काळातल्या कितीतरी तरुणांसारखं जगन्नाथनेही ठरवलं की आयुष्य देशासाठी द्यायचं. लग्न करायचं नाही हेही तेव्हाच ठरलं.

बडोद्यात त्यांना पहिले गुरू भेटले. जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० या काळात गुण्यांनी त्यांच्याकडे देशी व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलं. दुबळ्या शरीराचा समाज स्वातंत्र्य मिळवू शकत नाही, असं त्या काळच्या अनेकांना वाटायचं. गुण्यांनाही वाटायचं.

तिथून ते खानदेशात अमळनेरला शिक्षणाच्या कामात गेले. राष्ट्रीय विचारांच्या कॉलेजचे ते प्राचार्य झाले. पण शिकवता शिकवता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. आजूबाजूची बहुसंख्य माणसं निरक्षर आहेत, अंधश्रद्धेत अडकलेली आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर नुसतं व्याख्यान पुरणार नाही.

नर्मदाकाठचा योगी आणि एक शंका

१९१९ च्या सुमारास गुण्यांना दुसरे गुरू भेटले. बडोद्याजवळ नर्मदेच्या काठी मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत होते. त्यांच्याकडे गुण्यांनी योगाची साधना केली आणि ती त्यांना मनापासून पटली.

इथे एखादा सरळ शिष्य होऊन बसला असता. गुण्यांचं तसं झालं नाही. साधनेचा अनुभव तर येतोय, पण हे शरीरात नक्की घडतं कसं? आणि जे मला जाणवतं ते दुसऱ्याला दाखवता येईल का?

हा प्रश्न त्या काळात दोन्ही बाजूंना आवडणारा नव्हता. जुन्या वळणाच्या मंडळींना वाटायचं की योग ही गुरू-शिष्याची गुप्त विद्या, तिला यंत्र लावणं म्हणजे पाप. आणि डॉक्टरांना वाटायचं की हे सगळं बैराग्यांचं थोतांड, त्यात तपासायचं काय?

गुण्यांनी दोघांनाही बाजूला ठेवलं. १९२० च्या आसपास बडोद्याच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांवर उड्डियान आणि नौली या क्रियांच्या चाचण्या करवून घेतल्या. काय दिसतंय ते पाहिलं आणि पुढचं आयुष्य याच कामाला द्यायचं ठरवलं.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना जोडणाऱ्या रेल्वेवरचं, थंड हवेचं गाव. माणसं, डॉक्टर आणि उपकरणं इथे आणणं सोपं होतं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही सुरू झालं. त्यात प्रयोगाची कृती, आकडे आणि एक्स-रेची छायाचित्रं छापली जायची. योगावर शास्त्रीय प्रयोग छापणारं हे जगातल्या पहिल्या नियतकालिकांपैकी एक मानलं जातं.

पाऱ्याची नळी काय म्हणाली?

कुवलयानंदांचा सर्वात गाजलेला प्रयोग नौलीचा. हठयोगात बस्ती नावाची एक शुद्धिक्रिया आहे. साधक पाण्यात बसतो, गुदद्वारात नळी ठेवतो आणि पोटाच्या स्नायूंची नौली करतो. पाणी आपोआप आत चढतं. ना पिचकारी, ना पंप. मग पाणी वर चढतं कसं?

योगी मंडळी याचं उत्तर अपान वायूच्या भाषेत द्यायची. कुवलयानंदांना शरीरशास्त्राच्या भाषेतलं उत्तर हवं होतं. त्यांनी मॅनोमीटर घेतला. म्हणजे पारा भरलेली काचेची वाकडी नळी. तिचं एक टोक रबरी नळीने मोठ्या आतड्यापर्यंत नेलं आणि नौली करायला सांगितली. आतला दाब वाढला तर पारा एका बाजूला सरकेल, कमी झाला तर दुसऱ्या बाजूला.

पाऱ्याने दाखवलं की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. म्हणजे आत अर्धवट निर्वात पोकळी तयार होते आणि पाणी तिकडे ओढलं जातं. एक्स-रेमध्येही पोटातल्या अवयवांची हालचाल दिसत होती. कुवलयानंदांनी या निर्वात पोकळीला आपल्या गुरूंचं नाव दिलं : माधवदास व्हॅक्यूम.

यात बघण्यासारखं काय आहे? त्यांनी एकच गोष्ट दोन वेगळ्या मार्गांनी तपासली. एक्स-रेने आकार दाखवला, पाऱ्याने दाब दाखवला आणि दोघांची साक्ष जुळली. 'मोजमाप खरं आहे का' हे ठरवायची ही पहिली पायरी असते.

पुढे सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाब किती बदलतो याच्या नोंदी झाल्या. प्राणायामात श्वासातल्या वायूंचं मोजमाप झालं. इथे कुवलयानंदांचा खरा कस लागला. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं तेव्हाही लोक छातीठोकपणे सांगायचे. हे वाक्य प्रचाराला एकदम सोयीचं होतं. पण मोजमापं त्या बाजूने नव्हती. प्राणायामाचं महत्त्व जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही, हे त्यांनी स्वतःच मांडलं. स्वतःच्या बाजूची, पण खोटी ठरलेली गोष्ट त्यांनी सोडून दिली.

गांधीजींचं ब्लड प्रेशर आणि येलचा विद्यार्थी

कैवल्यधामचं नाव पसरत गेलं. १९२७ मध्ये महात्मा गांधी रक्तदाबाने आजारी पडले, तेव्हा त्यांनी आसनांबाबत कुवलयानंदांचा सल्ला घेतला. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. १९३२ मध्ये संस्थेची मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्हला गेली. मुंबई प्रांतातल्या शारीरिक शिक्षणाच्या धोरणातही कुवलयानंदांचा सहभाग होता. शाळेच्या मैदानावर शेकडो मुलांना एकाच वेळी करता येतील अशा यौगिक व्यायामांची मांडणी त्यांनी केली.

तीसच्या दशकात अमेरिकेच्या येल विद्यापीठातून कोवूर बेहानन नावाचे मूळचे केरळचे मानसशास्त्रज्ञ लोणावळ्याला आले. त्यांनी कुवलयानंदांकडे राहून योग शिकला आणि स्वतःवरच प्रयोग केले. त्यांचं पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं.

बेहानन यांनी एक वेगळी गोष्ट केली. शरीराबरोबर मनही मोजायचा प्रयत्न केला. प्राणायामाच्या आधी आणि नंतर बेरजा करणं, रंगांची नावं सांगणं अशा चाचण्या घेतल्या. निकाल अनपेक्षित होता. प्राणायामानंतर लगेच या कामांचा वेग कमी झाला होता!

आता याचा अर्थ काय लावायचा? प्राणायामाने बुद्धी मंदावते? की मन शांत झाल्यामुळे घाई उरत नाही? बेरजेच्या चाचणीने जे मोजलं ते 'बुद्धी' होतं, 'वेग' होतं की 'उत्साह'? आकडा तर मिळाला, पण तो नेमका कशाचा आहे हे कोण सांगणार?

पाऱ्याच्या नळीला हा प्रश्न पडत नाही. ती दाबच मोजते. मनाच्या मोजमापाची खरी अडचण इथून सुरू होते.

विश्वासार्ह असणं आणि खरं असणं

मंडईतला एक काटा घ्या. तो प्रत्येक वेळी २०० ग्रॅम जास्त दाखवतो. दहा वेळा तीच पिशवी ठेवा, दहाही वेळा तोच आकडा. म्हणजे काटा विश्वासार्ह आहे, दर वेळी एकच उत्तर देतो. पण ते उत्तर खरं नाही. मोजमापाच्या शास्त्रात पहिल्या गुणाला विश्वासार्हता म्हणतात आणि दुसऱ्याला वैधता.

काट्याची वैधता तपासायला शिक्का मारलेलं वजन असतं. 'ताण' तपासायला असं प्रमाणित वजन कुठे आहे? कुठेच नाही. मग एक वेगळी युक्ती लागते.

ती युक्ती चार्ल्स स्पीअरमन या इंग्रज माणसाने १९०४ मध्ये मांडली. हे गृहस्थ आधी सैन्यात अधिकारी होते, नंतर मानसशास्त्राकडे वळले. त्यांनी शाळकरी मुलांचे गुण बघितले. भाषेत पुढे असलेली मुलं गणितातही साधारण पुढे, आणि संगीतातले सूर ओळखण्यातही काहीशी पुढे. विषय वेगवेगळे, पण गुण एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. स्पीअरमन यांचं म्हणणं असं की या सगळ्यांच्या मागे न दिसणारा एक समान घटक असला पाहिजे. हीच घटक विश्लेषणाची सुरुवात.

पुढे अमेरिकेत लुईस थर्स्टन यांनी दाखवलं की मागे एकच घटक असेल असं धरून चालू नका, अनेकही असू शकतात. १९३८ मध्ये त्यांनी बुद्धीचे सात वेगळे घटक मांडले. तेच गणित, पण निष्कर्ष वेगळा. दोन्ही बाजूंचा वाद बराच काळ चालला.

लोणावळ्यात आलेले पाहुणे

१९५७ मध्ये दोन शास्त्रज्ञ अमेरिकेतून यंत्रं घेऊन भारतात आले. मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची. योगी खरंच हृदय थांबवू शकतात का, साधनेने शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रियांवर काय परिणाम होतो, हे त्यांना बघायचं होतं. देशभर फिरताना त्यांच्या कामाचं एक मुख्य ठिकाण होतं कैवल्यधाम.

हृदय थांबवण्याच्या दाव्याचं काय झालं? त्याआधी १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टरांनी भारतात घेतलेल्या ईसीजीत एका योग्याच्या हृदयाची रेघ जवळपास सपाट झालेली दिसली होती. त्यावरून हृदय थांबल्याची चर्चा झाली. वेंगर, बागची आणि दिल्लीचे शरीरशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांनी चार साधकांची तपासणी केली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. हृदय कोणाचंच थांबलं नव्हतं. त्यातले तिघं श्वास रोखून छाती आणि पोटाचे स्नायू आवळायचे. त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त कमी व्हायचं, मनगटाची नाडी हाताला लागेनाशी व्हायची, ठोक्यांचा आवाज बारीक व्हायचा. पण ईसीजीवर ठोके चालूच होते. चौथ्याने मात्र हृदयाची गती खरोखर कमी करून दाखवली.

धडा साधा आहे. नाडीवर बोट ठेवलं तर हृदय थांबलंय असं वाटतं. ईसीजी लावला तर चालू दिसतं. एकाच मोजमापावर विसंबलात तर फसलात.

आता या वेंगर साहेबांची दुसरी ओळख बघा. त्यांचं संशोधन घटक विश्लेषणावरच उभं होतं. १९४० च्या सुमारास त्यांनी लहान मुलांच्या शरीराची बरीच मोजमापं घेतली. लाळ किती सुटते, तळहाताच्या त्वचेतून वीज किती वाहते, हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये किती वेळ जातो, रक्तदाब किती. प्रत्येक आकडा वेगळा. पण घटक विश्लेषण केल्यावर दिसलं की यातले काही आकडे एकत्र हलतात. त्यामागच्या समान घटकाला त्यांनी स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल म्हटलं. म्हणजे शरीराचा कल 'पळा-लढा' या बाजूला आहे की 'आराम करा-पचवा' या बाजूला. नंतर त्यांनी हीच पद्धत अमेरिकेच्या हवाई दलातल्या तरुणांवर वापरली, आणि तीच मोजमापं घेऊन ते भारतातल्या योगसाधकांपर्यंत आले.

ज्या आवारात पारा भरलेल्या नळीने एक दाब मोजला गेला होता, तिथेच आता अनेक आकड्यांमागे लपलेला, थेट दिसत नसलेला घटक शोधणारा माणूस आला होता.

प्रश्नावली कशी तपासतात?

वेंगर यांनी शरीराच्या आकड्यांचं जे केलं, तेच आज प्रश्नावल्यांचं करतात. कसं ते एका उदाहरणाने बघू.

समजा, मावळातल्या कंपन्यांमधल्या कामगारांसाठी ताणाची प्रश्नावली बनवायची आहे. दहा वाक्यं घेतली. पाच मनाची : डोक्यात सतत विचार चालतात, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड होते, वगैरे. पाच शरीराची : डोकं दुखतं, झोप लागत नाही, वगैरे. प्रत्येकाने १ ते ५ मध्ये उत्तर द्यायचं. तीनशे जणांनी भरली.

आता दहा प्रश्नांच्या ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीची उत्तरं किती जुळतात ते काढायचं. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण जुळतात. हा ४५ आकड्यांचा तक्ता नुसत्या डोळ्यांनी वाचणं कठीण. घटक विश्लेषण विचारतं : मागे एक-दोन अदृश्य घटक आहेत असं धरलं, तर हा सगळा तक्ता समजावता येतो का?

उत्तरादाखल प्रत्येक प्रश्नाला एक आकडा मिळतो. त्याला घटकभार म्हणतात. तो प्रश्न त्या घटकाशी किती घट्ट बांधलेला आहे, हे तो सांगतो. एखाद्या प्रश्नाचा भार ०.७ आला तर त्याचा वर्ग ०.४९. म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तरांमध्ये माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला जवळपास निम्मा त्या घटकामुळे आहे. भार ०.१ आला तर तो प्रश्न नुसता पाहुणा, घरचा नाही. काढून टाका.

मग तीन शक्यता उरतात.

एक, सगळे प्रश्न एकाच घटकावर बसले. मग दहाही उत्तरांची बेरीज करून 'ताण' असा एक आकडा द्यायला हरकत नाही.

दोन, मनाचे पाच एकीकडे आणि शरीराचे पाच दुसरीकडे गेले. मग एकच बेरीज दिशाभूल करू शकते. एखाद्याची झोप सुधारली पण चिडचिड वाढली, तर बेरीज तशीच राहील आणि काहीच बदललं नाही असं वाटेल.

तीन, भलताच गट तयार झाला. हे खूपदा होतं, विशेषतः भाषांतरात. 'मला झोप लागत नाही असं कधी होत नाही' असं दुहेरी नकाराचं वाक्य टाकलं की अर्धे लोक गोंधळतात. मग अशी सगळी वाक्यं एकत्र येऊन वेगळा घटक बनतो. तो ताणाचा घटक नसतो, वाईट मराठीचा असतो.

म्हणून परदेशी प्रश्नावली नुसती मराठीत उतरवून चालत नाही, ती इथल्या माणसांवर पुन्हा तपासावी लागते. ही जाणीव आपल्याकडे जुनी आहे. बिने यांची फ्रेंच बुद्धिमापन चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून, इथल्याच मुलांवर तपासून घेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं आणि बिने-कामत चाचणी पुढे कित्येक दशकं वापरात राहिली.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका गटाच्या उत्तरांतून घटक सापडले, तर तेच घटक दुसऱ्या, नव्या गटात सापडतात का हे बघायचं. पहिल्या वेळी शोध, दुसऱ्या वेळी पडताळणी. त्याच माणसांवर दोन्ही केलं तर ते आपलीच पाठ आपणच थोपटण्यासारखं होतं.

सत्त्व, रज, तम : तीनच का?

योगाच्या क्षेत्रात याची मोठी परीक्षा होते. सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांवर आधुनिक काळात अनेक प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. ग्रंथ सांगतात गुण तीन. पण लोकांच्या उत्तरांतून तीन घटक निघतात का? रज आणि तम एकाच गटात जाऊन बसले तर? मग दोन शक्यता. एक तर प्रश्न नीट लिहिलेले नाहीत, नाहीतर माणसं स्वतःबद्दल उत्तर देताना हा भेद करत नाहीत. ग्रंथात आहे म्हणून आकडेवारीत तीन गट आणायचेच, असा हट्ट धरला की मोजमाप संपतं आणि प्रचार सुरू होतो.

शारीरिक शिक्षणातही हेच. 'फिटनेस' एकच असतो असं वाटतं. अमेरिकेत एडविन फ्लाइशमन यांनी साठच्या दशकात धावणं, उडी, जोर, लवचीकता अशा अनेक चाचण्यांचं घटक विश्लेषण केलं, तेव्हा ताकदीचेच वेगवेगळे प्रकार निघाले आणि लवचीकता त्यांच्यापासून अलग उभी राहिली. म्हणजे उत्तम पश्चिमोत्तानासन घालणारा उत्तम उडी मारेलच असं नाही.

पण घटक विश्लेषणाला एक मर्यादा आहे. कोणते प्रश्न एकत्र जातात हे गणित सांगतं, त्या गटाचं नाव मात्र माणूसच ठेवतो. 'शांती' असं गोंडस नाव ठेवलेला घटक प्रत्यक्षात 'चांगलं दिसण्याची हौस' असू शकतो. आश्रमात राहून, गुरूंच्या समोर फॉर्म भरणारा साधक 'माझं मन अशांत आहे' असं लिहील का? म्हणून प्रश्नावलीचा आकडा बाहेरच्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीशी जुळतो का, तेही बघावं लागतं. झोपेचे तास, हृदयाची गती, घरच्यांचं मत. एक्स-रेची आणि पाऱ्याची साक्ष जुळवणं म्हणजे हेच.

स्वामींचं काम आजच्या मापाने

कुवलयानंदांनी स्वतः घटक विश्लेषण केलं नाही. त्यांचं काम शरीराचं होतं आणि त्यांची हत्यारंही शरीराचीच होती. आजच्या निकषांवर त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत उणिवा दिसतात. माणसं थोडी, तीही बहुतेक संस्थेतलीच. योग न करणारा, तुलनेसाठीचा गट नाही. शिवाय ते स्वतः श्रद्धावान साधक होते. ज्याला योग खरा वाटतो त्यानेच योगाची परीक्षा घ्यायची, यातला धोका उघड आहे.

पण त्या धोक्यावर त्यांनी शोधलेला उपाय आजही लागू आहे. प्रयोग कसा केला ते छापा. आकडे छापा. परदेशी संशोधक शंका घेऊन आला तरी त्याला दार उघडा, यंत्र लावू द्या. बेहानन यांचा अडचणीचा निकाल असो की हृदय न थांबल्याचा वेंगर यांचा निष्कर्ष असो, अशी माणसं त्या आवारात येऊन मोजून गेली.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचं कॉलेज सुरू झालं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचारांचं रुग्णालय उभं राहिलं. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचं निधन झालं. संस्था, कॉलेज आणि 'योगमीमांसा' आजही चालू आहेत.

आता पुढच्या वेळी 'या योगवर्गाने ताण ४० टक्के घटला' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा. ताण कोणत्या प्रश्नावलीने मोजला? ती प्रश्नावली आपल्या भाषेतल्या माणसांवर तपासली होती का? तिचे सगळे प्रश्न खरंच एकच गोष्ट मोजतात का? आणि वर्गाला न गेलेल्यांचा ताण त्याच काळात किती घटला?

चारही उत्तरं मिळाली तर खुशाल पाठवा. नाही मिळाली तर तो आकडा मंडईतल्या त्या काट्यावरचा समजा.